भावजींचा पेला, डोंगरावरचा वारा

आमच्या घराच्या मावळतीला डोंगर आहे आणि डोंगरावर पवनचक्क्या आहेत. सुप्याच्या बाजूनं येणाऱ्याला आधी त्यांची पाती दिसतात, मग खांब, मग आम्ही. उन्हाळ्यात ऊन कललं की सगळ्यात कडेच्या चक्कीची सावली उतार उतरून आमच्या अंगणात येते. एक पातं जातं, त्याच्यामागं दुसरं, त्याच्यामागं तिसरं. तुळशीवरून, रांजणावरून, माझ्या मांडीवरच्या सुपावरून. अंगाला काही लागत नाही, तरी कुणीतरी हात फिरवून गेल्यासारखं वाटतं. बसल्या बसल्या डोळा लागतो माझा.

कोंबड्यांना मात्र ते अजून उमगलेलं नाही. सावली आली की घार आली म्हणून त्या पिल्लं घेऊन बाजेखाली पळतात. सावली सरली की बाहेर येतात, परत पळतात. किती उन्हाळे झाले, तेच चाललंय. मी हसते त्यांना. पण नसलेल्या घारीला भ्यायचं म्हटलं तर आम्ही माणसंही काही मागं नाही, आणि तेच सांगायला बसलेय.

मी शाळेत फार गेलेली नाही. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. साखर डब्यात ओतायची आणि कागद सरळ करून वाचायचा. त्यामुळं मला जगातल्या पुष्कळ बातम्या अर्ध्याच माहीत आहेत. अणुवीज हा शब्द मी पहिल्यांदा शेंगदाण्याच्या पुडीवर वाचला. चांगली का वाईट ते पुढं लिहिलेलं असणार, पण तिथं तेलाचा डाग होता. पुढं सगळा जन्म त्या डागाखाली काय होतं ते ऐकण्यात गेला, कारण माझे दीर त्याच कामावर लागले.

भावजी नगरला वेल्डिंग शिकले आणि समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात नोकरीला गेले. मी तेव्हा नवी नवरी होते. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा सासूबाई ओसरीत गहू चाळत होत्या. आईला काळजी नको म्हणून भावजींनी सगळं हौसेनं सांगितलं. आत जाताना कपडे बदलतात. आतले कपडे आतच राहतात. बाहेर येताना हातपाय धुवायचे, मग एका यंत्रावर उभं राहायचं आणि दोन्ही हात त्याच्यापुढं धरायचे. यंत्र गप्प राहिलं की घरी जायचं. ओरडलं की परत धुवायचं.

सासूबाईंची चाळण थांबली. "म्हंजी तिथं इटाळ हुतो."

"आई, तसं न्हाई. ती बारीक धूळ असती, दिसत न्हाई..."

"न दिसणाऱ्यालाच इटाळ म्हंत्यात, बाबा. दिसणाऱ्याला घाण म्हंत्यात."

सासूबाईंना यंत्र समजलं नव्हतं, पण धुणं बरोबर समजलं होतं. जन्मभर त्यांनी तेच केलेलं. त्या दिवसापासून नियम झाला. भावजी आले की आधी आडावर आंघोळ. पाणी प्यायला वेगळा पितळी पेला, तो ओसरीच्या खुंटीला. आणि लोणच्याला, वाळवणाला त्यांनी हात लावायचा नाही. माया कमी नव्हती हो. जाताना पिशवी भरून कुरडया, पापड, सांडगे द्यायच्या. खायला हरकत नव्हती, वाळत असताना हात लागायला नको.

भावजी हसून म्हणायचे, "तिथं यंत्राला पटतं, हितं आईला पटत न्हाई."

पण गल्लीत गोष्ट पसरली. भावजींना दोन स्थळं आली. दोन्ही ठिकाणची माणसं चहा पिऊन, घर बघून, नोकरी कुठं ते विचारून गेली. मुलगा चांगला आहे, असं दोघांनीही कळवलं, पण परत कुणी आलं नाही. तिसरं स्थळ भावजींनीच येऊ दिलं नाही.

सासूबाई गेल्या. पुढं माझे मालकही गेले. भावजी नोकरी संपवून पत्र्याची एक पेटी घेऊन गावी आले, तोवर डोंगरावर चक्क्या उभ्या राहिल्या होत्या आणि पलीकडच्या माळावर सौर पाट्यांचं शेत झालं होतं. दुपारी ते शेत तळ्यासारखं चमकतं. बगळे वरून बघून खाली येतात, काचेवर जरा चालतात आणि शरमल्यासारखे उडून जातात.

पेला खुंटीवरच होता. मी म्हटलं, "भावजी, आता कशाला तो, घरातला घ्या कुठलाही." तर म्हणाले, "असू द्या वैनी, आईनं दिलाय." घरातले बाकीचे नियम मी कधीच सोडले होते. पण वाळवणाचं तसं नसतं. वाळवण एकटीचं होत नाही. गल्लीतल्या बाया येतात, एकीचं झालं की दुसरीच्या घरी जातात, आणि त्या सगळ्यांच्या पुढं माझी थोरली चुलत जाऊ. सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली, त्यांचा शब्द अजून पाळणारी. वाळवणाचा दिवस आला की भावजी आपण होऊन खुर्ची उचलून लिंबाखाली जाऊन बसायचे. तिथून बघत राहायचे.

संध्याकाळी मात्र आमची दोघांची रोज जुंपायची. मी तांदूळ निवडायची, ते डोंगराकडं तोंड करून बसायचे.

"वैनी, तुमची चक्की आज रजेवर."

"असू द्या. राबणारीला एखादा दिवस रजा नको?"

"आमच्याकडं रजा नसती. वारा पडू दे, आभाळ येऊ दे, रात असू दे. चालूच."

"वाऱ्याची वाट बघायची आमाला सवय हाय. खळ्यावर ज्वारी उफणताना पाटी डोक्यावर धरून किती येळ उभं राह्यलोय."

"वाट बघून देश चालत न्हाई."

"पोट चालतं की. बरं, तुमच्या त्या चुलीची राख कुठं टाकता?"

इथं ते जरा सावरून बसायचे. "टाकत न्हाई. जपून ठेवत्यात. आधी पाण्यात, मग जाड भिंतीआड."

"किती दिवस?"

"दिवस न्हाई वैनी. पिढ्या."

"कुणाच्या? आपल्या गावाला देवळाची किल्ली एका जत्रंपासनं दुसऱ्या जत्रंपातुर सांभाळता येत न्हाई. दरसाल कुलूप तोडत्यात."

यावर ते खूप हसायचे आणि हसता हसता खोकायचे. मग दम घेऊन म्हणायचे, "आन तुमचं ते मोडकं पातं उतारावर पडलंय, त्याचं काय? ना जळतं, ना कुजतं."

"शेळ्या बसत्यात त्याच्या सावलीला."

"बसू द्या. आमच्या राखंच्या सावलीला कुणी बसणार न्हाई, ते खरं." असं कबूलही करायचे. त्यांचा हा गुण. भांडताना खोटं बोलत नसत.

एकदा दुपारी, काही विचारलेलं नसताना, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एका संध्याकाळी सुट्टी झाल्यावर यंत्र ओरडलं. धुतलं, परत ओरडलं. मग कळलं, बुटाच्या तळाला काहीतरी आहे. बूट तिथंच ठेवून घेतले. बाहेर कुणाच्या तरी चपला पायात घालून ते समुद्राच्या कडेनं खोलीवर चालत गेले. चपला मोठ्या होत्या, वाळूत निसटत होत्या. ओहोटी होती म्हणे, पाणी लांब गेलं होतं आणि सगळीकडं शिंपल्यांचा आवाज येत होता, पायाखाली काचा वाजाव्या तसा.

"भ्या वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं. पण भ्या हुतं म्हणून तर एवढं धुणं हुतं, वैनी. जिथं भीतच न्हाईत, तिथं मी काम केलं नसतं."

मी समुद्र पाहिलेला नाही. पण त्या रात्री झोपेत मी त्या वाळूवरून चालत होते, आणि लांब पाण्यात आमच्या चक्क्या उभ्या होत्या.

खोकला वाढला. नगरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून बिडी सांगितली. गावानं अणू सांगितला. पारावर, गिरणीत, दूध घालायला गेलं तिथं, एकच बोलणं. खाल्लं बघा त्याला अखेर. भावजींच्या कानावर ते यायचंच.

एके दिवशी डोंगराकडं बघत म्हणाले, "वैनी, मी गेल्यावर लोक म्हंतील अणूनं खाल्लं. तेवढं म्हणू देऊ नका. बिडीनं खाल्लं म्हणा. मी तिथं काय लाजायसारखं केलेलं न्हाई."

"आन दुसरं काय सांगायचं ऱ्हायलंय का?" मी आपलं त्यांना हसवावं म्हणून विचारलं.

ते म्हणाले, "एकदा घरच्या वाळवणाला हात लावू द्या."

मी हसले. ते हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात माझ्या नातीचं लग्न ठरलं. भावजींना ती आबा म्हणते. रुखवतात मांडायला कुरडया हव्यात, विकतच्या नकोत, असं तिनंच सांगितलं. शिकलेली पोर, पुण्यात नोकरी करते, पण कुरडयांचं नाव काढलं की लहान होते. गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. सकाळी वरचं पाणी ओतलं तर खाली चीक असा पांढरा, दाट बसलेला, की त्यात तोंड दिसावं.

चिकाचं एक असतं. जेवढा चीक तेवढंच पाणी, आणि दोन्ही एकाच भांड्यानं मोजायचं. भांडं बदललं की बिघडतं. बाया यायच्या आधीच नातीनं पहिलं पातेलं मोजून चुलीवर चढवलं होतं. मी घाटत बसले. चीक शिजून काचेसारखा झाला, मग जाऊबाई आणि बाकीच्या आल्या, बाजेवर धोतर पसरलं, आणि जाऊबाईंनी सोऱ्या हातात घेतला. गरम गरमच दाबायला लागतं ते. थंड झालं की सोऱ्यातून उतरत नाही. जाऊबाईंचा हात अजून असा, की कुरडई पडते ती फुलासारखी गोल. पहिलं पातेलं संपलं, अर्धी बाज भरली. भावजी लिंबाखाली खुर्चीत.

दुसरं पातेलं मोजायला नात बसली आणि जाऊबाईंची नजर तिच्या हाताकडं गेली.

"त्यो कुणाचा प्याला हाय गं?"

"आबांचा. ओसरीतला," नात म्हणाली. "चांगला मापाचा आहे, मोठ्या आजी."

सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. पितळी पेला चिकानं माखून पांढरा झाला होता.

"आन मघाचं पातेलं कशानं मोजलंस?"

"यानंच."

नातीच्या तोंडाकडं बघून मला कळलं, हे चुकून झालेलं नाही. तिला नियम माहीत होता. लिंबाखाली भावजी खुर्चीतून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले.

"सासूबाई असत्या तर आख्खं पातेलं वतून दिलं असतं," जाऊबाई हळू म्हणाल्या. त्यांनी सोऱ्या पाटावर ठेवला. दोघी बायांनी पदर सावरले, उठायच्या बेतानं. त्या उठल्या असत्या तर नातीच्या रुखवतात कुरडया राहिल्या नसत्या हे तर झालंच, पण लग्नाला आलेल्या प्रत्येकाला त्या का नाहीत ते कळलं असतं, आणि भावजींना ते ऐकत मांडवात बसावं लागलं असतं.

मी काय करणार. मी चीक चुलीवर चढवला आणि घाटायला लागले. चीक भांडण मिटायची वाट बघत नाही.

तेवढ्यात उजेड गेला. डोंगरामागून वळवाचे ढग कधी वर आले ते कुणी बघितलंच नव्हतं. जिथं कडक ऊन होतं तिथं एकदम निळसर सावली आली, आणि वारा सुटला. मग कुठला इटाळ आणि कुठलं काय. ओल्या कुरडया म्हणजे सगळ्यांच्या हातचं काम. बायांनी बाज चारही बाजूंनी उचलली आणि पालखीसारखी ओसरीत आणली. नातीनं आतला पंखा आणून लावला, वरचाही चालू केला. एरवी वारा सुटला की आमच्याकडं आधी लाईट जाते. डोंगरावर वीज पिकते आणि खाली आम्ही काड्यापेटी शोधतो, अशी आमची तऱ्हा. त्या दिवशी का कोण जाणे, गेली नाही. पंखे फिरत राहिले.

चार थेंब पडले तसे भावजीही येऊन पायरीवर उभे राहिले. आत आले नाहीत. ओसरीत सगळ्या बाया बाजेभोवती बसलेल्या, आणि वर डोंगरावर चक्क्या अशा फिरत होत्या की पाती दिसेनात.

जाऊबाई कितीतरी वेळ चक्क्यांकडं बघत होत्या. मग पंख्याकडं. "ही त्या चक्कीचीच वीज का रं?" त्यांनी न वळताच विचारलं. भावजींना त्यांनी हाफ चड्डीत बघितलेलं, त्यामुळं अरेतुरेच करायच्या.

"असंल," भावजी म्हणाले. "तिची असंल, कोळशाची असंल, धरणाची असंल. आमच्याकडची बी असंल. तारंत समदी एक हुती. थोरल्या वैनी, आपल्या आडाला झरे किती?"

"हायेत तीन-चार."

"घागर भरली की सांगता येतं का, कंच्या झऱ्याचं पाणी आलं?"

पंख्याचा वारा कुरडयांवरून जात होता आणि वरचं पाणी हळूहळू सुकत होतं, डोळ्यांना दिसत होतं ते.

"म्हंजी तुज्या तिथली वीज माज्या घरात बी येती."

"येती."

"कवापासनं?"

"तवापासनंच. मी आत काम करत हुतो, तुमी हितं बटन दाबत हुता."

"गिरणीत?"

"गिरणीत बी."

त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. किती वर्षांचं पीठ त्या हातांनी मळलं होतं. मग फार हळू विचारलं, "आन सासूबाई गेल्या त्या राती उशाशी बल जळत हुता, त्यो?"

"त्यो बी, वैनी."

पत्र्यावर थेंब थांबले होते. मला सासूबाईंचा चेहरा दिसला, त्या पिवळ्या उजेडातला. शेवटी शेवटी त्या दिव्याकडंच बघत होत्या. मला तेव्हा वाटलं होतं त्यांना उजेड डोळ्यांत जातोय, म्हणून मी आड हात धरला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"चीक घट व्हायला लागला," मी चुलीपासून म्हटलं.

जाऊबाईंनी सोऱ्या भरला, दाबला. एक कुरडई पडली, दुसरी अर्ध्यात थांबली. मनगट धरून त्या जरा बसून राहिल्या. मग सोऱ्या पायरीच्या दिशेनं सरकवला.

"धर. माजं मनगाट गेलं. आन आधी हात धू."

"धुतल्यात."

"परत धू."

भावजी आडावर गेले. चांगले कोपरापर्यंत धुऊन आले आणि उंबऱ्याशी उभे राहून दोन्ही हात जाऊबाईंच्या पुढं धरले. आधी तळवे, मग उलटे. म्हातारे झालेले हात, ठिणग्यांचे जुने डाग असलेले. जाऊबाईंनी ते बघितले. सगळ्या बायांनी बघितले.

जाऊबाई गप्प राहिल्या.

मग भावजी घरात आले.

पहिल्या कुरडया वाकड्या पडल्या. "वेल्डिंग हाय का ते, गोल फिरव," असं जाऊबाईंनी ऐकवलं, आणि नात तोंड फिरवून हसली का रडली ते मला दिसलं नाही. त्यांचा जोर मात्र असा की पातेलं बघता बघता रिकामं झालं. खरवड काढून मी दूध-साखर घालून सगळ्यांना दिली. भावजींना नातीनं पेल्यातच दिली, न धुता.

पंख्यानं कुरडया पुऱ्या वाळल्या नाहीत, ते आधीच सांगते. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि काम त्यानंच पुरं केलं. मी भावजींना म्हटलं, "बघा, शेवटी ऊनच." ते म्हणाले, "काल कुठं गेल्तं मग?" आमचं ते भांडण मिटलेलं नाही. राखेचं काय करायचं ते मला अजून कळत नाही, आणि वारा पडल्यावर काय करायचं तेही.

बाज अंगणात होती आणि भावजी तिच्याजवळ काठी घेऊन कावळे राखत बसले होते. मधेच एकेक कुरडई उलटी करत होते, फार हलक्या हातानं. जाऊबाई दुपारी वाकून बघून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "खोकतुयास किती. बिड्या वढवढून छाती जाळून घेतलीस, दुसरं काय." चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल असं. भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी सुपातलं धान्य पाखडत राहिले.

ऊन कललं. चक्कीची सावली उतार उतरून आली. कोंबड्या पळाल्या. पातं तुळशीवरून गेलं, रांजणावरून गेलं आणि पांढऱ्या कुरडयांवर आलं, तेव्हा पेंगुळलेल्या भावजींनी घार समजून एकदम काठी उगारली. मग वर डोंगराकडं बघितलं. काठी तशीच हातात धरून ते बराच वेळ हसत होते, आणि सावली त्यांच्यावरून, वाळवणावरून, एकापाठोपाठ एक जात होती.